लावलं म्हणजे लागलं असं नाही

त्याला सगळा रस्ता रेडिओ म्हणायचा. धंदा कुलूप-किल्लीचा. पुलाच्या भिंतीला चिकटून एक टपरी, माणूस आत बसला की गुडघे बाहेर येतील एवढी. वर खिळ्यांना लोंबणारे किल्ल्यांचे जुडगे, समोर फळीवर आवळलेला, किल्ली पकडायचा वाइस, कानशी, तेलाची बाटली आणि मधोमध हा. शटर वर गेलं की रेडिओ सुरू, शटर खाली आलं की बंद.

रस्त्यावर बसून धंदा करणाऱ्यांची संघटना मी चालवते. टपऱ्या उचलायला गाडी आली की चाकासमोर बसते, म्हणून माझं तोंड सगळ्यांच्या ओळखीचं. पण त्याच्यापुढे मलाही गप्प बसावं लागायचं. "ताई, तुम्ही भांडता ते ठीक आहे," तो म्हणायचा, "पण तुमच्या भांडणाला तेलपाणी नाही, मध्येच अडकतं. जरा हसवून भांडत जा." मला हे सुनावायची छाती दुसऱ्या कुणाची झाली नाही.

नवं कुलूप घ्यायला गिऱ्हाईक आलं की त्याची ठरलेली तबकडी लागायची. "साहेब, लोक काय काय लावतात! शेजारी कळ लावतो, मालक वाट लावतो, पोरगं दिवे लावतं. आम्ही गरीब माणसं, नुसतं कुलूप लावतो. पण एक ध्यानात ठेवा. लावलं म्हणजे लागलं असं नाही. ओढून बघायचं." असं म्हणून कुलूप कडीत अडकवायचा आणि दोनदा खसकन ओढायचा.

शेजारी बसणारा चष्मेवाला कपाळावर हात मारायचा. "हा रोज तेच बोलतो आणि मी रोज हसतो. आमच्या दोघांत डॉक्टरकडे आधी कोणाला न्यायचं, ते तरी सांगा."

अशा माणसाच्या घरात वर्षानुवर्षं आवाज नव्हता. हे मी कुणाला सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नसता. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते.

त्याची मुलगी बोबडं बोलायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या कचेरीत त्याला दारांची कुलपं बदलायचं काम मिळालं. तिथे पुढच्या टेबलाशी एक बाई बसायची. बाहेरच्या देशांतले पाहुणे यायचे, ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायची. हा दाराशी गुडघ्यांवर बसून स्क्रू पिळत ते बघत राहायचा. परत आला तो वेगळाच होऊन.

"ताई, ती बाई हसत हसत काम करते. पगार मिळतो तो मिळतो, वर हसायलाही मिळतं."

"आणि तू काय रडत किल्ल्या घासतोस?"

"माझं सोडा. माझ्या डोळ्यात लोखंडाचा कीस जातो. पोरीला असं काम पाहिजे की संध्याकाळी घरी आल्यावर तिला डोळे धुवावे लागू नयेत."

मग त्याने शाळा शोधली. तिथे पहिल्या दिवसापासून सगळं बाहेरच्या भाषेत. भाषा जितक्या लहानपणी घ्याल तितकी मुरते, असं शाळेचं म्हणणं. ते खोटं नाही. खोटं पुढे होतं. पालकांच्या सभेत मुख्य बाईंनी सांगितलं की मूल घरी वेगळी भाषा ऐकेल तर गोंधळेल, दोन्हीकडून जाईल. म्हणून घरातही तीच भाषा बोला, आणि येत नसेल तर निदान तुमची बोलू नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

हे त्याने मला सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. मी टपरीत हात घातला, खिळ्यावरचा सगळ्यात जाड जुडगा काढला आणि त्याच्या तोंडासमोर खळाखळा वाजवला.

"पोरगी म्यान आहे का रे? ह्या जुडग्यात किती किल्ल्या आहेत? एकीमुळे दुसरीला गंज चढतो का? घरची किल्ली घेतली म्हणून दुकानाची बोथट होते का? पोरं दोन काय, चार भाषा घेतात. फक्त त्यांच्याशी बोलावं लागतं."

चष्मेवाला म्हणाला, "बोल की रेडिओ. आज स्टेशन का लागत नाही?"

रेडिओने जुडगा माझ्या हातातून घेतला आणि खिळ्यावर परत टांगला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलात रस्त्यावर. मीही. चुकलो तर आपल्या दोघांना कोण जाब विचारतो? पण त्या बाईंनी शेकडो पोरं शिकवली. त्यांचं खरं असलं आणि मी ऐकलं नाही, तर पोरगी मला विचारेल."

ह्याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही, त्याचाच राग येतो.

तेव्हापासून त्याने घरात तोंड बंद केलं. शनिवारी शाळा पालकांना वाक्यं शिकवायची. हात धू. हळू बोल. ताट संपव. आता झोप. हा किल्ल्या घासता घासता ती पाठ करायचा. घरी जाऊन तेवढीच बोलायचा. एकदा कामासाठी मी त्याच्याकडे गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलाशी मुलगी चित्र रंगवत बसलेली. उंबऱ्यापर्यंत तो माझ्याशी टपऱ्यांच्या परवान्यांबद्दल तावातावाने बोलत आला आणि उंबरा ओलांडताच बटण फिरवल्यासारखा थांबला. खुर्ची दाखवून बाहेरच्या भाषेत मला "बसा" म्हणाला. मुलीने वर बघितलं आणि त्याचा उच्चार दुरुस्त केला. त्याने पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा दुरुस्त केला आणि खुदकन हसली. तोही हसला. पण त्यानंतर ते वाक्य त्याने कधी वापरलं नाही, आणि अशीच एकेक करून बाकीचीही गेली.

स्वयंपाकघरातून त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "या ताई. तुमच्या भावाला टपरीतच विसरून आलात वाटतं? घरी ही भिंत आणलीत."

वहिनी मात्र शाळेला पुरून उरल्या. स्वयंपाकघराचं दार लोटून त्या मुलीशी आपल्या भाषेत कुजबुजायच्या. गॅस लाव. दार लाव. कुकर लाव. केसांना तेल लाव. मीठ दे, भांडं धर, पुस, उचल, गप्प बस. मुलीला आपली भाषा आली ती एवढीच. चुलीपासून मोरीपर्यंतची.

आणि एकदा ती टपरीवर आली. शाळा लवकर सुटली होती, वहिनी तिला घेऊन बाजारात आल्या होत्या. रेडिओ ऐन रंगात. भोवती गिऱ्हाइकं, हमाल, रिक्षावाला, सगळे पोट धरून हसत होते. रेडिओची नजर तिच्यावर गेली आणि तोंड अर्ध्या शब्दावर मिटलं. मान खाली घालून किल्ली घासायला लागला. लोक हसतच होते. पोरगी आईच्या मागे सरकली आणि बापाकडे बघत राहिली. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही. फार उशिरा कळलं.

मुलगी हुशार निघाली. ती भाषा तिला मातृभाषेसारखी आली. त्या भाषेच्या पाठीवर तिने अजून एक परकी भाषा घेतली आणि दूर देशी गेली. तिथल्या इस्पितळात दुभाषी झाली. डॉक्टर एक भाषा बोलणार, रुग्ण दुसरी, आणि ही दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवणार. हे लिहायला मला जड जातं, पण काम खरंच चांगलं होतं आणि तिचा त्यात जीव होता. सुट्टीवर आली की अर्ध्या तुटक्या वाक्यांत, अर्ध्या हातवाऱ्यांनी मला सांगायची. एक म्हातारी, पोटात दुखतं, डॉक्टरला कळत नाही, घाबरली. मी बोलले. म्हातारीने हात धरला, सोडलाच नाही. हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, जसा तिच्या बापाचा अडलेलं कुलूप उघडल्यावर व्हायचा.

मी एकदा विचारलं, "आपल्याकडचं कुणी रुग्ण आलं तर?"

"तेव्हा दुसरी येते, आत्या," ती म्हणाली. "मला आपली नाही येत."

रेडिओ टपरीवर शेखी मिरवायचा. "माझी लेक लोकांची तोंडं उघडते. मी नुसती दारं." चष्मेवाला म्हणायचा, "आणि तुझं तोंड कोण बंद करणार?" ह्यावर हशा पिकायचा. मग त्याचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाला, मग लोखंडाची धूळ म्हणाला, मग उन्हाळा म्हणाला. शेवटी डॉक्टरांनी गळ्यात गाठ सांगितली. माणूस वाचवायचा तर आवाजाची पेटीच काढावी लागणार होती.

"रेडिओचा स्पीकर काढणार ताई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "डबा राहील."

मी हसले नाही. त्यालाही हसवायचं नव्हतं. कानस खाली ठेवून म्हणाला, "लेक येतेय. ऑपरेशनच्या आधी एक दुपार मिळेल. मी तिच्याशी बोलणार आहे. माझ्या भाषेत, माझ्या पद्धतीने, सगळं. ती आता मोठी झाली, आता काय गोंधळायची? तुम्ही या. कुणीतरी हसणारं पाहिजे."

भेटीच्या वेळेला मी पोचले. वॉर्डात खाटांच्या रांगा, त्याची खाट खिडकीशी. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. लेक स्टुलावर बसून होती. त्याने दाढी करून घेतली होती, केस पाणी लावून विंचरले होते.

"या. बसा. मध्ये बोलायचं नाही. आज माझा कार्यक्रम आहे."

आवाज कानशीसारखा खरखरत होता. पण सुरू झाला. पहिल्यांदा आपल्या लेकीसमोर सुरू झाला. तिला त्याने त्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, जे भल्या सकाळी त्याला घरी घेऊन गेलं होतं. दार उघडत नाही म्हणून ह्याने सगळ्या किल्ल्या चालवून पाहिल्या, घाम गाळला, आणि शेवटी आतून बायकोचा आवाज आला की कडी मी घातलीय, रात्री काय बोललात ते आधी आठवा. "तेव्हा मी म्हटलं, साहेब, रुसलेल्या बायकोला किल्ली लागत नाही, हाक लागते!" ह्या गोष्टीवर आमचा रस्ता कितीदा लोळला असेल. मी हसले, शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही हसला. लेक उशिरा हसली. आमच्याकडे बघून.

"बाबा, हळू," ती म्हणाली. "किल्ली कळलं. बायको कळलं."

तो हळू बोलायला लागला. पण विनोद हळू सांगता येत नाही. तरी त्याने सोडलं नाही. चष्मेवाल्याच्या गोष्टी, माझ्या भांडणांच्या गोष्टी, वहिनी पहिल्यांदा किल्ली करायला आल्या होत्या आणि ह्याने मुद्दाम चुकीची करून दिली, म्हणजे परत येतील, ती गोष्ट. लेक पुढे वाकून ऐकत होती, डोळे त्याच्या ओठांवर, मान थोडी थोडी हलवत. मी तो चेहरा ओळखला. तो तिच्या कामाचा चेहरा होता. म्हातारीसमोर बसायची तो.

मग त्याने विनोद थांबवले. तिचा हात धरला.

"मी तुझ्याशी बोललो नाही. बाईंनी सांगितलं म्हणून नाही बोललो. येत नव्हतं असं नाही. पण तुला मी... जीव—" खोकला आला. पाणी प्यायला, पुन्हा सुरुवात केली. "जीव... लाव—" पुन्हा खोकला. डोळ्यांत पाणी, गळ्याच्या शिरा ताठ. "लावला."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. खोकल्याकडे पाहिलं. वाऱ्याने हलणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा उजळला. इतक्या वेळात एक शब्द पुरा हाती आला होता.

"लाव? हो, हो. लावते."

ती उठली. खिडकी ओढली, कडी घातली, पडदा नीट केला. परत येऊन बसली, त्याच्या छातीवर चादर ओढली आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "लावली. आता बरं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. आवाज नसलेलं हसणं, खांदे हलत होते. मी उठले. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. त्याने माझं मनगट पकडलं. कुलूप ओढायचा तो हात, सुटला नाही.

"बरं," तो तिला म्हणाला. "खूप बरं. वारा येत होता."

नर्सने लेकीला बाहेर बोलावलं तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडले. "उद्या आवाज जाणार तुझा! मला सांगू दे. मी समजावते तिला, चार वाक्यांत समजावते."

"ताई, तुम्हाला माझी शपथ आहे."

"अरे पण का?"

तो श्वास गोळा करत थांबला. "ती दुसऱ्यांचं बोलणं पोचवते. ते काम तिला आवडतं. मी ह्यासाठीच तोंड शिवलं होतं ना? बापाचं एक वाक्य आपल्याला कळलं नाही, आपण उठून खिडकी लावली, हे तिला समजलं तर ती परत त्या कामाला बसेल का? बसली तरी प्रत्येक म्हातारीपुढे तिला खिडकी दिसेल. तेवढं काम राहू द्या तिचं. दुसरं काय दिलं मी तिला?"

मी चाकांसमोर बसलेली बाई. त्याच्यासमोर गप्प बसले.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. सुट्टी संपल्यावर लेक परत गेली. फोनच्या पडद्यावर ती बोलायची, हा मान हलवायचा. घरात तो आधीपासून मुकाच होता, त्यामुळे तिला फार फरक जाणवला नाही. मला काही सहन होत नसेल तर ते हे. सगळा रस्ता सुना झाला, गिऱ्हाइकं टपरीसमोर क्षणभर रेंगाळून निघून जायची, चष्मेवाला त्याची तबकडी त्यालाच म्हणून दाखवायचा आणि अर्ध्यात रडायचा. आणि त्याच्या एकुलत्या एक पोरीला वाटत होतं, बाबा होते तसेच आहेत.

थंडीत तो गेला.

लेक आली. टपरी आवरायला मी तिच्याबरोबर गेले. ती वाइस सोडवत होती, कानशी फडक्यात गुंडाळत होती, आणि माणसं येत होती. जो येईल तो रेडिओचं काहीतरी सांगायचा. सांगता सांगता हसायचा आणि डोळे पुसायचा. तिला शब्द कळत नव्हते. माणसं कळत होती.

"हे सगळे हसतात का, आत्या?"

"तुझा बाप हसवायचा ना सगळ्यांना."

"बाबा?" तिच्या हातातली कानस तशीच राहिली. "बाबा तर बोलत नव्हता. कमी बोलायचा."

चष्मेवाला खो खो हसला. त्याला वाटलं, बापाच्या वळणावर गेली, काय फेकलाय विनोद! मग त्याने तिचं तोंड पाहिलं, आणि चष्मा काढून उगाच पुसत बसला.

"मी लहान होते तेव्हा इथे आले," ती शब्द शोधत म्हणाली. "सगळे हसत होते. बाबा खाली बघत होता. मला वाटलं, लोक बाबाला हसतात. मग मी कधी नाही आले. मला नको होतं बघायला."

रस्ता वाहत होता. 

तिने जुडगे खिळ्यांवरून काढले. खालची पेटी ओढली. पाठमोरी असतानाच विचारलं, "इस्पितळात मी खिडकी लावली, तेव्हा तो पण हसला. का?"

"वारा थांबला म्हणून."

ती वळली. डोळे माझ्या चेहऱ्यावर ठेवले, त्या कामाच्या चेहऱ्याने. "आत्या, मला शब्द येत नाहीत. पण चेहरा वाचता येतो मला."

"वारा थांबला म्हणून," मी पुन्हा म्हटलं. रागाने म्हटलं. मला दुसरं येत नाही.

त्याने घातलेली शपथ मी आजही मोडलेली नाही. हे सगळं मी लिहिते आहे, छापून येईल, चष्मेवाला वाचेल, वहिनी वाचून घेतील. ती वाचू शकणार नाही. आपली अक्षरं तिला कुणी शिकवली नाहीत.

टपरी रिकामी झाली. तिने शटर खाली ओढलं. बापाचं जुनं कुलूप कडीत अडकवलं, दाबलं, खट्कन आवाज आला. मग, कुणी सांगितलं नसताना, तिने ते दोनदा खसकन ओढलं. त्याच्यासारखं. हे तिने कधी पाहिलं कोण जाणे. घराच्या दाराशी पाहिलं असेल, तिथे बोलावं लागत नाही.

"लागलं का, आत्या?"

"लागलं गं," मी म्हणाले.

तिने पुन्हा ओढून पाहिलं.